पोट्टीनं हात हालवला

मोठे बाबा,

परवा तुमची तेरवी झाली. त्याच्या आदल्या दिवशी तुमचा दिनेश म्हणाला होता, "वैशाली, तू शिकली हायेस. बाबावर चार ओळी लिहून दे, फोटोखाली लावून देतो." मी आज लिहायला बसले, पण रागात बसले. तेव्हा हे फोटोखाली लागणार नाही, हे आधीच सांगून टाकते. हे मला तुमच्या तोंडावर बोलायचं होतं. तुम्ही तेवढा वेळ दिला नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही मागितला नाही.

पंगतीत लोक तुमच्याबद्दल जे बोलत होते ते खोटं नव्हतं. अर्जुनीकडच्या प्रतापगडाच्या पायऱ्या उतरताना ज्याचा पाय मुरगळला तो दवाखान्यात जायच्या आधी आपल्या घरापुढच्या छपरीत यायचा. निखळलेला खांदा तुम्ही बोलता बोलता बसवायचे. समोरच्याला विचारायचे, "धान किती झाला यंदा?" आणि तो उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत खांदा जागेवर. एकजण म्हणाला, "असा हात आता होनं नाई." मी त्याच्या पत्रावळीवर भात वाढला आणि पुढे सरकले. पलीकडच्या ओळीत माझी धाकटी बहीण, ज्योती, पाणी वाढत होती. उजव्या हातात जग, डावा हात पदराखाली. तिची ही सवय एकतीस वर्षांची आहे.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. म्हणून सांगते.

धान कापणीचे दिवस होते. ज्योती सात वर्षांची, मी अकराची. शाळेमागच्या पेरूच्या झाडावरून ती पडली आणि डाव्या कोपराच्या वरचं हाड मोडलं. बाबा शेतातून पळत आले आणि तिला खांद्यावर टाकून तुमच्याकडे घेऊन गेले. तुम्ही तिचा हात नुसता दोन बोटांनी चाचपला, आणि मला म्हणालात, "वैशू, खांदा धर तिचा. हालू देऊ नोको."

मी धरला. दोन्ही हातांनी, छातीशी दाबून. तुम्ही ओढलं, हाड बसल्याचा आवाज मी ऐकला. मग हाडजोडीच्या वेलाचा लेप, त्यावर कापड, त्यावर बांबूच्या पाच कामट्या, आणि त्यावरून सुती दोरी. प्रत्येक वेढ्याला तुम्ही दोरीचं टोक दातात धरून आवळत होतात. ज्योतीचे डोळे पांढरे झाले होते. "घट्ट बांधलं तं हाड सरकत नाई," तुम्ही बाबांना म्हणालात. बाबांनी मान डोलावली. तुम्ही त्यांचे मोठे भाऊ. तुमच्यासमोर त्यांची मान दुसऱ्या कोणत्या दिशेनं हललेली मी कधी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बोटं सुजून तुकतुकीत झाली होती. नखं निळसर. ती रडत नव्हती, किंचाळत होती. तिला परत तुमच्याकडे आणलं. मी तिचं मधलं बोट जरासं सरळ करायला गेले तर तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. तुम्ही छपरीत बसून चहा पीत होतात. तुम्ही म्हणालात, "हाड जुळून राह्यलं, दुखनारच. आता सोडली तं सगळं बिघडते."

आई म्हणाली, "भाऊजी, थोडी ढिली तरी करा."

"तुले समजते का मले समजते?"

तिसऱ्या दिवशी ज्योतीचं रडणं थांबलं. बोटांना टाचणी टोचली तरी तिला कळत नव्हतं. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "पाहा. उतरलं दुखनं."

आता मला माहीत आहे की ते दुखणं उतरलं नव्हतं, हात मरत होता. दुखणं थांबलं ते दुखणारंच काही उरलं नाही म्हणून. पण तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तुमच्या त्या वाक्यानं मला इतका आनंद झाला होता, की मी पळत जाऊन आईला सांगितलं होतं, ज्योती बरी झाली.

बाराव्या दिवशी तुम्ही दोरी सोडली. छपरीत वीसेक माणसं होती. हात पांढराफटक, वाळका, मनगट आत वळलेलं, बोटं मुडपलेली. तुम्ही एक बोट उघडून पाहिलं, ते परत मिटलं. दुसरं उघडलं, तेही मिटलं. तुम्ही तिच्या हाताकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग जमलेल्या माणसांकडे, आणि म्हणालात, "पोट्टीनं हात हालवला."

एवढंच. मग उठून हात धुवायला गेलात.

मोठे बाबा, चूक होते. मी आज अठरा वर्षं फिजिओथेरपीचं काम करते आहे, माझ्याही हातून चुका झाल्या आहेत. एकाची कंबर मी आणखी दुखावून ठेवली होती, एकीचं दुखणं स्नायूंचं समजून महिनाभर शेकत राहिले आणि ते भलतंच निघालं. मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, माझं चुकलं. तोंड कडू होतं, माणूस मरत नाही. तुम्ही मात्र सात वर्षांच्या पोरीच्या अंगावर ते ढकललंत आणि वीस माणसांनी ते उचलून गावभर नेलं. शाळेत पोरं तिला म्हणायची, "हालवली." तिचं नावच पडलं. कोणी विचारलं की आई सांगायची, "तिनं हालवला न हात, काय करावं." आईसुद्धा! सांगून सांगून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

चार महिने तुमचं मालिश चाललं. मग मामा नागपूरहून आले आणि भांडून ज्योतीला घेऊन गेले. बाबा आणि मी सोबत गेलो. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तिची बोटं एकेक उघडून पाहिली. मग बाबांना समजावलं ते मी ऐकलं. मांसावर एक पांढरा पापुद्रा असतो, त्या म्हणाल्या, पातळ पण फार चिवट. हातातल्या स्नायूंचे गठ्ठे त्याच्या आत बांधलेले असतात. मार लागला की आत सूज येते, आणि हा पापुद्रा काही ताणला जात नाही. वरून कामट्या आवळल्या तर सुजेला जागाच उरत नाही. मग रक्त आत जाणं बंद होतं. त्यांनी त्या पापुद्र्याचं नाव सांगितलं, फॅशिया. काही तासांच्या आत दोरी कापली असती, आणि गरज पडल्यावर तो पापुद्रा चिरून मोकळा केला असता, तर हात वाचला असता. आता आतलं मांस मरून तिथं घट्ट व्रण धरला आहे, आणि तो व्रण बोटांना ओढून धरतो.

बाबांनी विचारलं, "पोरीनं हात हालवला म्हनून झालं का?"

"हलवल्यानं हे होत नाही," बाई म्हणाल्या. "आवळल्यानं होतं."

परत येताना गाडीत मी बाबांना म्हटलं, "तिनं हालवलाच नव्हता. मी धरली होती न तिले." बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "मोठ्या बाबाले खोटं पाडतेस का गावात?" आणि तो विषय आमच्या घरात संपला. त्या डॉक्टरीण बाईंचं वाक्य अर्जुनीच्या स्टेशनवरच राहिलं, गावापर्यंत आलं नाही.

आता जे लिहिते ते लिहिताना मला लाज वाटते.

त्यानंतर तुम्ही मला जवळ केलंत. मी रोज ज्योतीची बोटं ताणायची, त्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे, आणि तुम्ही एकदा ते पाहिलं. म्हणालात, "वैशूचा हात हलका हाय." मग मला पेशंटच्या शेजारी बसवू लागलात. बोकड कापला की मला बोलवायचे. कातडी सुटल्यावर मांसावर जी पांढरी चमकदार झिल्ली असते, ती सुरीच्या टोकानं उचलून दाखवायचे. "मांस मांस करतेत लोकं. धरून तं हे ठेवते. हे काढलं तं बोकडाचा नुसता लगदा." मग माझ्या पोटरीवर अंगठा ठेवायचे आणि तो हळूहळू वर सरकवत न्यायचे. "इथं ओढलं की कुठं लागते?" मी म्हणायची, गुडघ्यामागे. "आनखी वर?" कंबरेत. तुम्ही हसायचे. "सगळं एकाच कापडाचं हाय, पोरी. दुखते इथं, अडकते तिथं."

मला हे फार आवडायचं. ज्या हातांनी माझ्या बहिणीचा हात घालवला त्याच हातांकडून मी शिकत होते आणि मला ते आवडत होतं. तुम्ही मालिशला वापरायचे त्या मोहाच्या तेलाचा वास आला की आजही मला आधी तुमची छपरी आठवते, मग ज्योतीचं किंचाळणं. हा क्रम उलटा असायला हवा.

गोंदियाला माझ्या दवाखान्यात राइस मिलमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाया येतात. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवत नाही म्हणतात. "मॅडम, एडी में कील ठोक दी जैसे." तळपायाखालचा तो जाड पापुद्रा सुजलेला असतो. सगळीकडे त्यांच्या टाचा शेकून झालेल्या असतात. मी पोटरीवर अंगठा ठेवते आणि तो वर नेते. पुष्कळींना आराम पडतो. ते तुम्ही शिकवलेलं आहे, कोणत्याही पुस्तकात नंतर वाचलं असलं तरी. मी हे नाकारत नाही. आभार मानायचे म्हटले तर इथं मानते, आणि पुढे जाते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्हाला प्रेत दिलं गेलं. हाताची कातडी काढली, खालची पिवळी चरबी काढली, आणि मग तो आला. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा, दोऱ्यांच्या विणीसारखा, ओल्या कागदासारखा चकाकणारा. सर म्हणाले, "हे सगळं साफ करा, स्नायू दिसले पाहिजेत." सगळ्यांनी खरवडायला घेतलं. बादलीत पांढऱ्या चिंध्या पडू लागल्या. मी चिमट्यानं एक टोक धरून ओढलं. तसूभरही ताणलं गेलं नाही. मी आणखी ओढलं. चिमटा घसरला, पापुद्रा तसाच. मग मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. मैत्रिणींना वाटलं, प्रेताची शिसारी आली.

त्या दिवाळीत घरी आले तेव्हा मी तुमच्याशी पहिल्यांदा भांडले. आठवतं? तुम्ही अंगणात कामट्या तासत होतात. मी म्हटलं, "मोठे बाबा, हातावर एवढ्या आवळू नका. आतला पापुद्रा सैल होत नाही. आतल्या आत मांस गुदमरते."

"तू पुस्तकात वाचून राहिली," तुम्ही म्हणालात, "मी बोटानं वाचतो."

"मग ज्योतीच्या येळी तुमच्या बोटाले काऊन नाही समजलं?"

कोयता थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. "जा, तुई मोठी आई चिवडा करून राहिली. हात लाव तिले." आणि पुन्हा तासू लागलात. मी गेले. चिवडा खाल्ला. तुमच्याशी माझं भांडण नेहमी असंच संपायचं. मला कुठं तरी कामाला लावून तुम्ही उठून जायचे.

ज्योती तुमच्याशी नीट वागायची. ती डी.एड. झाली, देवरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. एका हातानं फळ्यावर लिहिते, दुसऱ्या हाताच्या मुठीत डस्टर अडकवते, पोरांना त्यात काही वेगळं वाटत नाही. गावी आली की आधी तुमच्या पाया पडायची. मी तिच्यावर चिडायची. एकदा ती मला म्हणाली, "ताई, हात माजा हाय. राग तुले काऊन?"

गेल्या वर्षी तुमचा खांदा धरला. साखरेच्या आजारात असं होतं. सांध्याभोवतीची पिशवी आकसते, जाड होते, हात वर जात नाही, पाठीमागे जात नाही. गावभरचे खांदे बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या सदऱ्याची बाही चढवता येईना. दिनेश तुम्हाला माझ्याकडे घेऊन आला. तुम्ही टेबलावर आडवे झालात, छताकडे पाहत. मी शेक दिला, मग हात धरला आणि हळूहळू वर न्यायला लागले. तुमचं हाडकुळं मनगट माझ्या मुठीत होतं.

"किती दिवस लागतेत?"

"महिने लागतात."

"मी तं एका झटक्यात बसवत होतो."

"हा निखळलेला नाही. हा आवळलेला आहे."

सातआठ दिवस तुम्ही येत राहिलात. एके दिवशी दुपारी, दवाखान्यात दुसरं कोणी नसताना, मी तुमचा हात वर नेता नेता विचारलं, "मोठे बाबा, ज्योतीनं हात हालवला होता का?"

तुम्ही डोळे मिटून घेतले. "हाडाचं बी नशीब राहते, वैशू."

तेव्हा मी तुमचा हात जिथं थांबवायला हवा होता तिथं थांबवला नाही. फार नाही, जरासा. तुम्ही ओठ दाबून धरलेत, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. "हळू पोरी," तुम्ही म्हणालात. मी हळू केलं. पण ते जरासं जास्त मी जाणूनबुजून केलं होतं आणि तुम्हाला ते समजलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आला नाहीत. दिनेशला मी फोनवर सांगितलं, घरीच व्यायाम करायला सांग. त्या एका ताणाबद्दल मी तुमची माफी मागते. बाकी कशाबद्दल नाही.

मग तुम्ही गेल्याचा फोन आला.

तेरवीच्या सकाळी मोठी आई मला तुमच्या खोलीत घेऊन गेली. तुमच्या कामट्यांची मोळी कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "हे तूच ने. दिनेशले काय समजते याच्यातलं." मी म्हटलं, "मला नको." ती खाटेवर बसली. मोळीतल्या आखूड कामट्या निवडून तिनं बाजूला काढल्या. लहान मुलांच्या हाताच्या मापाच्या. त्यांच्यावर धुळीचा थर होता.

"याले तं त्यानं हातच नाई लावला मंग," ती म्हणाली.

"कशानंतर?"

"ज्योतीच्या हातानंतर. कोपर मोडलेलं लेकरू आलं का दारातूनच वापस धाडे. म्हने, गोंदियाले ने, तिथं हाडाचा फोटो काढतेत. रात्रंदिवस कोनी विनवन्या केल्या तरी नाई. लोकं म्हनत, बुढ्याले आता जमत नाई. ऐकून घे, बोले काहीच नाई."

"तुला काही म्हणाले?"

"मले का म्हनते? एक डाव मी म्हनलं, ज्योतीच्या बापाले तरी सांगा. तं दोन दिवस जेवला नाई."

मोठ्या आईला वाटलं, मला हे ऐकून बरं वाटेल. ती माझ्याकडे त्या आशेनं पाहत होती.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. एकतीस वर्षं मी समजत होते की तुम्ही अडाणी आहात, हट्टी आहात, तुम्हाला खरंच वाटतं की पोरीनं हात हालवला. त्या समजुतीवर मी तुम्हाला थोडंफार सोडून दिलं होतं. आणि तुम्हाला तर सगळं माहीत होतं! कोणत्या लेकरांचे हात तुम्ही दारातून परत धाडले, त्यांची नावं मला माहीत नाहीत. ते आज ट्रॅक्टर चालवत असतील, रोवणी करत असतील, दोन्ही हातांनी. त्यांच्यासाठी मी तुम्हाला चांगलं म्हणायला तयार आहे. पण ज्योती तुमच्या पाया पडायला वाकायची तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही "सुखी राह्य" म्हणायचे. त्याऐवजी चार शब्द म्हणाला असतात तर काय झालं असतं? तुमचं गावातलं नाव जरा कमी झालं असतं. तिचं नाव तर तुम्ही तिला ओळखूही येणार नाही असं करून टाकलं होतं.

जेवणं आटोपल्यावर मंडपात श्रद्धांजलीची सभा झाली. चारपाच जण बोलले. दिनेशनं माइक माझ्याकडे दिला. "आमची वैशाली, बाबाची चेली, गोंदियाले डॉक्टर हाय." मी डॉक्टर नाही, हे त्याला कितीदा सांगितलं आहे. मी उभी राहिले. समोर सगळं गाव होतं, आणि उजवीकडे बायकांमध्ये ज्योती.

मी म्हटलं, "आपली धानाची बांधी असते. चारही बाजूंनी मातीचा धुरा असतो. पाणी चढलं आणि धुरा फोडून वाट दिली नाही, तर धानाचे कोवळे पऱ्हे बुडून सडतात. आपल्या हातात, पोटरीत अशाच बांध्या असतात. त्यांचा धुरा म्हणजे मांसावरची पांढरी झिल्ली. बोकड कापताना सगळ्यांनी पाहिली आहे. हाड मोडलं की आत पाणी चढतं, आणि तो धुरा स्वतःहून फुटत नाही. त्याच्यावर आपण कामट्या आवळतो. मग बोटं सुजतात, बोट सरळ केलं की माणूस किंचाळतो. त्याच वेळी दोरी कापायची. वाट पाहायची नाही. दुखणं आपोआप थांबलं तर खुश व्हायचं नाही, उलट पळत सुटायचं."

कुजबुज सुरू झाली. मी थांबले नाही. "मोठ्या बाबांनी ज्योतीच्या हाताला अशीच कामटी आवळली होती. ज्योतीनं हात हालवला नव्हता. मी तिला धरून होते. तिनं हालवला नव्हता."

मागून कोणी तरी म्हातारा ओरडला, "हे आज बोलाचं काम हाय का?" दिनेशचा चेहरा लालभडक झाला होता. त्यानं माझ्या हातातून माइक घेतला, हिसकावला म्हटलं तरी चालेल, आणि म्हणाला, "दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू." सगळे उभे राहिले. त्या शांततेत एक बाई, मी तिला ओळखत नाही, हळूच सरकत माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "ताई, अन् पोटरीवर बांधली असन तं?"

"तेच. कापा आणि गाडी काढा."

तिनं मान डोलावली आणि परत जागेवर जाऊन हात जोडून उभी राहिली.

मोठी आई माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या पाया पडले, तिनं पाय मागे घेतले नाहीत, एवढंच. ज्योतीला देवरीची बस पकडायची होती. मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. मला वाटत होतं, ती रडेल. किंवा माझा हात धरेल. खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं, ती मला काही तरी चांगलं म्हणेल.

फाट्यावर बाभळीखाली आम्ही उभ्या राहिलो. ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, "मी सातवीत होती तेव्हा तुले विचारलं होतं. आपन बोडीच्या काठावर कपडे धूत होतो. मी म्हनलं, ताई, खरं सांग, मी हात हालवला होता का? तू का म्हनाली होती?"

मोठे बाबा, हे मी वर लिहिलं नाही. मला वाटलं होतं, ती विसरली असेल.

"तू म्हनाली, मले आठवत नाई."

त्या दिवसांत तुम्ही मला रोज छपरीत बसवत होतात. माझा हात हलका आहे असं सगळ्यांना सांगत होतात. मला ते जाऊ द्यायचं नव्हतं.

"त्याचा मले राग नाई," ज्योती म्हणाली. "तो बुढा आपलं नाव सांभाळत होता. सगळेच सांभाळतेत. पन तू तं मले धरून होती न, ताई. तुले तं माहीत होतं."

बस आली. तिनं उजव्या हातानं दांडा धरला आणि चढली. खिडकीत बसल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बस वळणाआड गेली तरी मी तिथंच उभी होते.

तुमच्यावरचा राग मला जन्मभर पुरला असता, मोठे बाबा. मी त्यावर शिकले, दवाखाना उभा केला, रोज सकाळी कामाला लागले. तो सगळाच्या सगळा तुमचा होता, मला कधी वाटून घ्यावा लागला नव्हता. आता तुम्ही तो घ्यायला नाही, आणि त्यातला अर्धा तर कधी तुमचा नव्हताच. बाकी काय ते मी एखाद्या दिवशी माफ करीनही. पण मला एकटीला इथं, ज्योतीसमोर उत्तर द्यायला सोडून, तुम्ही निघून गेलात, हे नाही.